फॉर्म भरण्याआधीचे सहा दिवस

आषाढीची गर्दी ओसरली, पंढरपूरच्या ड्युटीवर गेलेल्या एसटी गाड्या आपापल्या मार्गावर परतल्या, आणि आम्ही मायलेकी घराबाहेर पडलो. सीईटीत लेकीला बऱ्यापैकी गुण होते. शेतीचंच शिकायचं हे तिचं आठवीपासूनचं. सांगोला तालुक्यात आमची साडेचार एकर मुरमाड जमीन, त्यातली दोन एकर डाळिंब. ती आठवीत असताना बागेवर तेल्या रोग आला, पाठोपाठ झाडं वाळवणारी मर लागली. जेसीबीने झाडं उपटून बांधावर रचली, तेव्हा ही पोरगी शाळेतून आली की त्या ढिगाशी जाऊन बसायची, खोडं फोडून आतलं करडं पडलेलं लाकूड बघायची आणि वहीत चित्र काढून ठेवायची. ती वही अजून आहे.

आमच्याकडे प्रवेशासाठी महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म बहुतेक पोरं नेटकॅफेवाला सांगेल तसा भरतात. मला ते पटत नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बदलीचा फॉर्म भरतानासुद्धा आम्ही शिक्षक गावं बघून येतो, पाणी कुठून भरावं लागेल ते विचारून येतो. मग चार वर्षांसाठी लेकीला पाठवायची जागा न बघताच कशी निवडायची? मी किरकोळ रजा टाकली. ह्यांना बांधावरची कामं होती, ते थांबले. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सातबारा आणि आठ-अ चे उतारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिले. शेतकऱ्याच्या मुलांना सातबाऱ्यावर वाढीव गुण मिळतात हे त्यांना पाठ होतं. "मूळ कागूद कुणाच्या हातात देऊ नका," हे मात्र त्यांनी चारदा सांगितलं.

पहिला दिवस : सांगोला ते पुणे

पंढरपूर, टेंभुर्णी, इंदापूर. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे दोघींचा प्रवास एकीच्या पैशात झाला. भिगवणपाशी उजनीचं पाणी दिसेपर्यंत लेक खिडकीला डोकं टेकून गप्प होती. मीही विचारलं नाही. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा. संध्याकाळी हडपसरला मावसबहिणीकडे मुक्काम. तिच्या मिस्टरांनी विचारलं, "एवढे मार्क आहेत तर इंजिनिअरिंग का नाही?" लेक म्हणाली, "काका, मला झाडाचं शिकायचंय." पुढे कुणी काही बोललं नाही.

दुसरा दिवस : शिवाजीनगर

पुण्याचं कृषी महाविद्यालय शिवाजीनगरच्या ऐन गर्दीत आहे. बाहेर मेट्रो, सिग्नल, हॉर्न. फाटकातून आत शिरलं की जुन्या झाडांची सावली आणि समोर ती दगडी इमारत. शंभर वर्षं केव्हाच उलटून गेलेलं हे महाविद्यालय. हॅरॉल्ड मान इथे प्राचार्य होते. त्यांनी पिंपळे सौदागर या गावात जाऊन कुणाची जमीन किती तुकड्यांत पडली आहे, कुणावर कर्ज किती आहे, याची घरोघर नोंद केली आणि १९१७ साली ती छापली. आज पिंपळे सौदागरला आयटीवाल्यांच्या सोसायट्या आहेत. शेतीचं महाविद्यालय चालवणारा माणूस शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब मांडायला गावात जाऊन बसला, ही गोष्ट मी वर्गात पोरांना सांगते. त्या इमारतीसमोर उभी राहिले तेव्हा मला अंगात काहीतरी हलल्यासारखं झालं.

दुसऱ्या वर्षाच्या तीन मुली भेटल्या. एक माळशिरसची निघाली, त्यामुळे गप्पा लगेच जमल्या. माझे प्रश्न ठरलेले होते. रात्री ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं? मेसमध्ये भाकरी असते का? फाटक किती वाजता बंद होतं? त्या मोकळेपणाने बोलल्या. लेकीचे प्रश्न वेगळे: प्रक्षेत्रावर, म्हणजे महाविद्यालयाच्या शेतावर, आठवड्यातून किती वेळा जाता? सूक्ष्मदर्शकावर एका वेळी किती जणी बसता? शेवटच्या वर्षी सहा महिने खेड्यात राहून कृषीकन्या म्हणून काम करावं लागतं, त्या खेड्यात खरंच राहता का? माळशिरसची म्हणाली, "राहावंच लागतं गं. शेतकरी सकाळी सहाला बोलावतो."

याच आवारात उद्यानविद्येचंही महाविद्यालय आहे, म्हणजे फळं, भाजी, फुलं यांचा वेगळा पदवी अभ्यासक्रम. हे आम्हाला घरी बसून नीट कळलं नव्हतं. फॉर्मवर सगळे नुसते आकड्यांचे कोड दिसतात. लेकीने वहीत 'उद्यानविद्या' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मुलींनीच सांगितलं, डाळिंबात एवढा जीव आहे तर गणेशखिंडीची बाग बघून जा. परवानगी काढून गेलो. १८७३ पासूनची ही बाग आता जैवविविधता वारसा स्थळ आहे. 'गणेश' डाळिंब इथलं. डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली आळंदी वाणाच्या रोपांमधून हे एक मऊ दाण्याचं झाड निवडलं. आधी त्याला जीबीजी-१ म्हणत, गणेश हे नाव नंतर पडलं. आबांनी आमच्या माळावर पहिली बाग लावली ती गणेशचीच. लेकीने तिथूनच त्यांना फोन लावला. "आबा, तुमचा गणेश जिथनं आला तिथं उभी हाय मी." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "तिथली चिमूटभर माती आण."

दिवस इथेच संपला असता तर बरं झालं असतं. पण पुण्याबाहेरच्या एका खासगी महाविद्यालयातून महिनाभर फोन येत होते, म्हणून दुपारी तिकडेही गेलो. नाव घेत नाही. चकचकीत स्वागतकक्ष, गार पाणी, रंगीत माहितीपत्रक. लेकीने विचारलं, "प्रक्षेत्र कुठंय?" एक मुलगा इमारतीमागे घेऊन गेला. ठिबकच्या नळ्या उन्हाने तडकलेल्या, वाफ्यांत गुडघाभर गवत, आणि पिकाचं नाव लिहिलेली पाटी तेवढी नवी. परत आलो तर टेबलावर पावतीपुस्तक उघडं. "आज पंचवीस हजार भरून जागा पक्की करा, नंतर मिळणार नाही." मी उठले. ज्या आईबापांना शेत आणि पाटी यातला फरक कुणी दाखवलेला नाही, ते तिथे पैसे भरत असतील, याचा मला अजून त्रास होतो. म्हणून कळकळीने सांगते, महाविद्यालय बघायला गेलात तर स्वागतकक्षात बसू नका, आधी इमारतीच्या मागे जा.

तिसरा दिवस : राहुरी

पहाटे वाकडेवाडीहून नगरची गाडी, तिथून मनमाड रस्त्याने राहुरी. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे मुख्य ठिकाण. १९६८ साली राज्यासाठी कृषी विद्यापीठ सुरू झालं, पुढे त्यातून विभागवार चार विद्यापीठं झाली. आमचा सोलापूर जिल्हा राहुरीच्या हद्दीत येतो. आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना जागा जास्त असतात, म्हणून घरच्यांचा कल इकडेच होता.

आवार एवढं मोठं की चालून बघणं होत नाही. बियाणे विक्री केंद्रावर शेतकऱ्यांची गर्दी होती, कुणी नाशिककडचा, कुणी जुन्नरचा. विद्यापीठाच्या दारात शेतकरी रांग लावून उभा आहे, यापेक्षा त्याचं दुसरं प्रशस्तिपत्रक मला नको. आम्ही लावतो तो 'भगवा' डाळिंबही इथूनच बाहेर पडलेला. गोठ्यावर 'फुले त्रिवेणी' गाई पाहिल्या: होल्स्टिन, जर्सी आणि आपली गीर, अशा तिघींचं रक्त. माझ्या माहेरी अशी एक गाय होती. तिला त्रिवेणी का म्हणतात हे मला या वयात कळलं.

लेकीचे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय असल्यामुळे इथल्या कृषी अभियांत्रिकीचा बी.टेक.ही यादीत होता. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने प्रयोगशाळा मनापासून दाखवली. ठिबकच्या प्रत्येक तोटीखाली वाटी ठेवायची, ठरलेल्या वेळात किती पाणी पडलं ते मोजायचं, मग नळीच्या पहिल्या आणि शेवटच्या तोटीतला फरक काढायचा. आमच्या बागेत शेवटच्या ओळी कायम का सुकायच्या, याचं उत्तर त्या वाट्यांमध्ये होतं. लेकीने सगळं लिहून घेतलं. पण मी तिची आई आहे. तिला मी बघत होते. ती यंत्रांपाशी पाहुण्यासारखी उभी होती, हात पाठीमागे बांधून. डाळिंबाच्या झाडापाशी गेली की खाली बसायची, पान उलटून बघायची.

परतीच्या गाडीत विचारलं. म्हणाली, "चांगलंय आई. सगळं कामाचं आहे. पण मला पाण्याच्या नळीपेक्षा झाड कळायला पाहिजे."

चौथा दिवस : घाट

स्वारगेटहून दापोलीची गाडी. यादीत दापोली कशी आली तेच मला माहीत नव्हतं. लेकीने गुपचूप लिहून ठेवली होती. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "कोकणात? डाळिंब कुठं होतंय तिथं?" प्रश्न बरोबर होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ताम्हिणीत पाऊस असा की काचेपलीकडे सगळं पांढरं. जिथे बघावं तिथे डोंगरावरून पाणी सुटलेलं. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पडला तर लोक पेढे वाटतात. दापोलीला साडेतीन हजारांच्या आसपास पडतो. लेक काच थोडी सरकवून हात बाहेर काढून बसली होती. कंडक्टर दोनदा ओरडला. माणगाव, महाड, खेड करत रात्री आठला दापोलीत उतरलो तेव्हा दोघींच्या चपला भिजून जड झाल्या होत्या. लॉजच्या शेजारी एक घरगुती खानावळ होती. तिथल्या वहिनींनी तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं आणि कुठून आलात, कशासाठी आलात, सगळं विचारून घेतलं. निघताना म्हणाल्या, "उद्या छत्री नका नेऊ हो, वाऱ्याने उलटी होईल. माझ्याकडचं इरलं न्या."

पाचवा दिवस : दापोली

इथल्या दिवसाबद्दल जरा सावकाश लिहिते.

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं, पण कृषी महाविद्यालय त्याच्याही आधी, १९६५ पासून दापोलीत आहे. आता शेती, उद्यानविद्या, वनशास्त्र, अभियांत्रिकी असं सगळं या एका गावात. जांभ्या दगडाच्या भिंती, लाल चिखल, आणि झाडं इतकी की इमारती शोधाव्या लागतात. कार्यालयात गेलो तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्या पावसात कोण काय दाखवणार. बाई म्हणाल्या, "पाऊस आहे म्हणून तर दाखवण्यासारखं आहे. आत्ता लावणी चालू आहे आणि रोपवाटिकेत कोय कलमं."

आधी खाचरात गेलो. मुलं-मुली पोटरीपर्यंत चिखलात उतरून भाताची रोपं लावत होती, ओळीत दोर धरून. शेजारी गावातल्या दोन आज्या त्यांच्या दुप्पट वेगाने लावत होत्या आणि पोरांना हसत होत्या. लेकीने पायजमा वर खोचला आणि मला न विचारता उतरली. भात कधी लावलेला नाही, आमच्याकडे भात फक्त दुकानात दिसतो. एका आजीने तिचा हात धरून दाखवलं: मूठ सैल ठेव, रोप उभं खोच, खोल नको. तासाभराने ती वर आली तेव्हा कमरेत वाकली होती आणि तोंडभर हसत होती.

मग रोपवाटिका. शेडखाली ओळीने वाफे, त्यात आंब्याच्या कोयींना नुकते कोंब फुटलेले, तांब्यासारखे लालसर. एक मामा पोत्यावर बसून कलमं बांधत होते. किती वर्षं करताय, विचारलं तर म्हणाले, "मोजली नाहीत. माझ्या हातचं झाड आता माझ्या घरावर सावली करतं." लेक त्यांच्यासमोर बसली. मामांनी बोलणं कमी आणि हात जास्त चालवले. पंधरा दिवसांच्या आत-बाहेरचं कोवळं रोप घ्यायचं. कोयीपासून वीतभराच्या आत शेंडा छाटायचा. उरलेल्या दांड्याला मधोमध चीर द्यायची. हापूसच्या मातृवृक्षाची काडी, जिची पानं आठ-दहा दिवस आधी काढून डोळे फुगवलेले असतात, तिला खालून दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तिरका काप द्यायचा. पाचर चिरेत बसवायची, सालीला साल भिडली पाहिजे, आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. मामांना एका कलमाला मिनिटभरही लागत नव्हतं.

त्यांनी चाकू लेकीच्या हातात दिला. पहिली काडी तिरकी कापली गेली. दुसरीला चीर खोल गेली, रोप फाटलं. मामा म्हणाले, "घाई नको बाय, झाडाला कळते." तिसरीला तिने श्वास धरला. बांधून झाल्यावर मामांनी कलम उचललं, उजेडात धरून बघितलं, आणि पिशवीत लावून तिच्याच हातात दिलं. "धर. हे तुझं."

मी पाहत होते. चार दिवसांत पहिल्यांदाच तिने वही उघडली नव्हती.

दुपारी उद्यानविद्येच्या एका प्राध्यापकांनी वेळ दिला. भिंतीवर इथल्या आंब्यांचे फोटो होते: १९८१ चा 'रत्ना', नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेला, ज्यात हापूससारखा साका, म्हणजे गरातला पांढरट खराब भाग, होत नाही, आणि नंतरचा 'सिंधू', ज्याची कोय अगदी पातळ. लेकीने विचारलं, "असा एक आंबा काढायला किती वर्षं लागतात, सर?" ते म्हणाले, "संकर करणारा माणूस बहुधा निवृत्त होतो, तेव्हा कुठे झाडाची खात्री पटते."

मी ह्यांचा प्रश्न पुढे केला. आमचं डाळिंब आहे, इथे तर डाळिंब नाही, मग पोरीने इथे का यावं? सर खुर्चीत पुढे सरकले. इथेच या असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "खरं सांगायचं तर डाळिंबासाठी राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुमच्या सोलापुरातच आहे. पुण्यालाही ही पदवी आहे आणि ते तुम्हाला जवळ पडेल. इथे पाऊस आहे, पानांवरचे रोग चार महिने डोळ्यांसमोर असतात, आणि कलमाचं काम हाताने शिकायला मिळतं. पदवीला तिने झाड शिकावं. डाळिंबाचा रोग नंतर रोगशास्त्रात एम.एस्सी.ला घेता येईल. पण घरापासून इतकं लांब राहायचं की नाही, हे तिने ठरवायचं." आमच्या प्रवासात मला भेटलेलं हे सगळ्यात प्रामाणिक बोलणं. आपल्याच महाविद्यालयाची बाजू न घेता त्यांनी दुसऱ्याच्या पोरीला वाट दाखवली.

वसतिगृहात मुलींशी बोलले. सांगलीची एक, बीडची एक, बाकी कोकणातल्या. बीडची म्हणाली, "पहिल्या पावसाळ्यात मी रोज रडायचे काकू. कपडे वाळत नाहीत, अंगाला ओल येते. दिवाळीला घरी गेले तर घर कोरडं वाटायला लागलं." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझे ठरलेले प्रश्न तिथे आपोआप संपले.

रात्री लॉजवर लेक झोपली नाही. कलमाची पिशवी खिडकीत ठेवून तिच्याकडे बघत पडली होती. मी म्हटलं, "लांब आहे गं." ती म्हणाली, "हो. मला पण भीती वाटतेय."

सहावा दिवस : मुरूड आणि परत

सकाळी पाऊस थोडा उघडला म्हणून रिक्षाने मुरूडला जाऊन आलो. महर्षी धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले ते हे गाव. पुढे १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढणारा हा माणूस पोरवयात परीक्षेसाठी इथून डोंगर ओलांडत साताऱ्यापर्यंत चालत गेला होता, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. समुद्र गढूळ होता, लाटा सुरूच्या झाडांपर्यंत येत होत्या. लेकीला ही गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "परत पण चालतच आला असेल ना?" मी हो म्हटलं. वाळूत आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

खेड, चिपळूण, मग कुंभार्ली घाट, कराड, विटा. घाट चढून पाटणच्या पुढे आलो तसा पाऊस हलका होत गेला, विट्याच्या पुढे रस्ताच कोरडा. कलम पूर्ण वाट तिच्या मांडीवर. रात्री उशिरा घरी पोचलो तेव्हा आबा जागे होते. तिने गणेशखिंडीच्या मातीची पुडी त्यांच्या हातात दिली आणि कलम समोर ठेवलं. आबांनी पट्टी बोटाने चाचपली. "कुणी बांधलं?" "मी." "फुटंल का?" "वीस दिवसांनी कळंल, आबा."

ह्यांच्याशी दोन दिवस बोलणं झालं. लांब आहे, पाऊस आहे, आपल्या हद्दीबाहेरचं विद्यापीठ आहे, जागा कमी आहेत, हे सगळं खरं होतं आणि तिने एकही गोष्ट नाकारली नाही. फॉर्मची मुदत शुक्रवारी संपणार होती. गुरुवारी रात्री तिने माझ्या शेजारी बसून स्वतः भरला. पहिला पसंतीक्रम उद्यानविद्या, दापोली. दुसरा उद्यानविद्या, पुणे. सबमिट करण्याआधी ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "भर."

कलम लिंबाच्या सावलीत ठेवलंय. आबा सकाळी तांब्याने पाणी घालतात, आणि पट्टीच्या वरचा डोळा हिरवा आहे का ते बघतात. आज अकरावा दिवस.